हरी लांगरी

एकाहत्तर साल, माझं वय बावीस. आमच्या पलटणीत हरी लांगरी होता, म्हणजे स्वयंपाकी. पुढे सिनेमात सगळ्यांना हसवणारा नट झाला, तोच हा.

हरी गेल्यावर पनवेलच्या नाक्याला त्याचं नाव द्यायचं ठरलं, आणि काल तिथं पेंटर ती पाटी रंगवत होता. ब्रश धुवायच्या रॉकेलचा वास आला आणि मी थेट एकाहत्तरच्या लढाईतल्या खंदकात पोचलो. वर तोफा धडाडत होत्या, आम्ही आदल्या दिवसापासून उपाशी. तेवढ्यात हरी चिखलातून सरपटत आला. पाठीला रॉकेलचा जुना डबा बांधलेला, त्यात गरम डाळ. वास मारत होती, तरी आम्ही बोटं चाटली. वर हा पठ्ठ्या सुभेदारसाहेबांच्या आवाजात म्हणतो, "मीठ कमी वाटलं तर समोरच्या शत्रूकडून मागून घ्या!" तेव्हा मी नुसता हसलो. हातात बंदूक नसताना तो तेवढं अंतर आला कसा, हा विचार आता मनात येतो.

आणि पाटीवर काय, तर 'रणांगणात बंदूक चालवणारा विनोदवीर'! माझं डोकंच फिरलं. तिथं उभ्या असलेल्या नगरसेवकाला विचारलं, "ही बंदूक त्याला कोणी दिली? लांगरी लिवा."

"आजोबा, स्वयंपाकी लिहिलं तर लोक हसतील."

"जन्मभर त्यानं हसवलंच की! लाज तुमाला वाटते, त्याला कदी वाटली नाय."

तो गाडीत बसून निघून गेला. आज सकाळी उजाडताच मी घरची खुर्ची नेऊन पाटीसमोर मांडली आणि पेंटरला सांगितलं, "आदी ती बंदूक पूस, मंग मी उठतो."