आप्पांची शर्यत प्रलंबित आहे

काहीही ठरवायचं झालं की आप्पा पोटावर दोनदा हळूच थाप मारायचे आणि म्हणायचे, "थांबा, मालकाला इचारतो." चहा घ्यायचा का, दौऱ्यावर निघायचं का, रजा टाकायची का, सगळ्याला हेच उत्तर. मालक म्हणजे ते पोट. ते टेबलाखाली मावत नसे, म्हणून आप्पा टेबलाला तिरके बसत. त्यांनी उभी नोकरी तिरकं बसून काढली.

उदगीरकडच्या एका तालुक्याच्या तहसील कचेरीत ते अव्वल कारकून होते आणि मी त्यांच्या हाताखाली. टंचाई शाखा आमच्याकडे होती. कुठल्या गावची विहीर आटली, कुठं टँकर लावायचा, हे काम. लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या दिवसांतली ही गोष्ट. कचेरीसमोरच्या टपरीवर तेव्हा दोनच विषय असत, टँकर कधी येणार आणि उदगीर जिल्हा कधी होणार. डॉक्टरांनी साखर निघाली म्हणून चालायला सांगितलं, तेव्हा आप्पा म्हणाले होते, "जिल्हा होऊ द्या, मग चालू. नव्या कलेक्टर हाफिसात जिने लई असतेत."

असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. पण तो पुढं जे करून बसला, ते तुमच्या पाहण्यात आलं नसेल.

झालं असं की, दिवाळीला मुलगी आणि जावई पुण्याहून आले. मोटारीच्या टपावर सायकल बांधलेली. आप्पांना वाटलं, गाडी रस्त्यात बंद पडली तर उपयोगी पडावी म्हणून आणली असेल. जेवताना कळलं की जावई शर्यती करतो. आधी जवळजवळ दोन किलोमीटर समुद्रात पोहायचं, मग नव्वद किलोमीटर सायकल मारायची आणि त्यानंतर एकवीस किलोमीटर पळायचं. सगळं एका दमात, ठरलेल्या वेळेच्या आत.

"आन पकडायला कोन येतंय मागून?" आप्पांनी विचारलं.

मुलगी हसली. म्हणाली, "पप्पा, तुम्हाला जिना चढला तरी दम लागतो. निदान सायकल तरी चालवा." त्यावर जावई अगदी अदबीनं बोलला, "बाबांना नाही जमणार, राहू दे."

हे 'राहू दे' आप्पांना लागलं. दुसऱ्या दिवशी कचेरीत ते मला म्हणाले, "आजवर दुसऱ्याच्या फाईलवर म्या लिहीत आलो, तूर्त राहू द्यावे. आपल्यावर कुनी लिहिलं की कसं लागतं, ते काल कळलं." त्या रात्रीच जेवणाच्या ताटावर त्यांनी जाहीर केलं होतं की पुढच्या वर्षी ही शर्यत मीपण करीन. जावई भला माणूस. त्याला हे खरं वाटलं. त्यानं पुण्याला पोहोचताच सासऱ्याचं नाव नोंदवून टाकलं.

मालकाला विचारायचं राहूनच गेलं.

सायकल आली. आप्पा तिच्यावरून कचेरीत येऊ लागले, तर दर फर्लांगावर कोणीतरी मोटारसायकल थांबवून विचारायचं, "आप्पा, गाडी बिघडली का? बसा." आधी ते समजावून सांगत. मग कंटाळले आणि "हाव, बिघडली" एवढंच म्हणू लागले. पळण्याचं त्याहून अवघड. आमच्या गावात पन्नाशीपुढचा माणूस पळतो तो वाईट बातमी आल्यावरच. आप्पा सकाळी पळत निघाले की ओट्यावर दात घासणारी माणसं ब्रश तोंडातून काढून विचारायची, "कोन गेलं?" एकदा तर दोघं-तिघं टोप्या घालून त्यांच्या मागं निघाले आणि गावाबाहेरच्या पुलापर्यंत आल्यावर त्यांना कळलं की आप्पा कुठंच चाललेले नाहीत.

राहिलं पोहणं. आप्पांना पोहता येत नव्हतं, आणि पोहावं असं पाणी आमच्या बाजूला उरलं नव्हतं. पण त्यांचे साडू अर्धापूरला केळी लावत, आणि त्यांच्या विहिरीला अजून पाणी होतं. दर रविवारी आप्पा आणि वहिनी अर्धापूरला जाऊ लागले. आप्पांच्या कमरेला दोर. दोराचं दुसरं टोक वरच्या लिंबाच्या बुंध्याला एक वेढा देऊन वहिनींच्या हातात. मी एकदा बरोबर गेलो होतो. आप्पा खाली धपाधप हात मारत होते आणि वरून वहिनी दर थोड्या वेळानं शांतपणे विचारत होत्या, "ओढू का?"

"न्हाई."

"आता ओढू का?"

"अगं, बुडालो की सांगतो."

उन्हाळ्याच्या तोंडाशी आप्पा पोहायला लागले. विहीर गोल, म्हणून पोहणंही गोल. उजव्या हाताला भिंत धरून ते घाण्याच्या बैलासारखे डावीकडं वळत राहायचे. वहिनींना वर बसून घेरी यायची. साडूंना मात्र फार अभिमान वाटला. त्यांनी विहिरीतल्या आप्पांचा, टोपी आणि चष्म्यासकट, फोटो काढला आणि खाली 'आमचे साडू, पाण्याचे साहेब' असं लिहून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला.

तो फोटो नातेवाइकांत थांबला असता तर बरं झालं असतं. दोन दिवसांत तो तालुकाभर फिरला. वर कोणीतरी लिहिलं होतं, 'जनता तहानलेली, साहेब पाण्यात.'

तिसऱ्या दिवशी सकाळी टँकर न पोचलेल्या एका गावच्या बायांचा घोळका रिकाम्या घागरी घेऊन कचेरीत आला. पुढं एक वाळक्या अंगाची म्हातारी, त्या गावची सरपंच. तिला सगळे अक्का म्हणत. मला वाटलं, आता घागरी फुटणार. पण अक्का आवाज न चढवता बोलली.

"साहेब, तुमी पवून राहिले म्हनं. पवा. आमी आठ दिस झाले अंगावर पानी घेतलं न्हाई. तुमच्या अंगावरचं वघळून आलं तर आमाला चालंल."

ती विहीर अर्धापूरची आहे, पाणी साडूंचं आहे, असं आप्पांना सांगता आलं असतं. मी तर तेच सांगायला तोंड उघडलं होतं. आप्पांनी मला हातानं थांबवलं. ते उभे राहिले. तिरके नाही, टेबलाच्या बाहेर येऊन सरळ.

"अक्का, टँकर मंजूर हाय. येत कामून न्हाई ते मला बघायला पायजे होतं. उद्या म्या घेऊन येतो."

"तुमी कशाला? टँकर आला तरी बास."

"न्हाई. मी संगं येतो."

दुसऱ्या दिवशी टँकर भरला तेव्हा आप्पा सायकल घेऊन तिथं हजर. टँकर वाटेतच कुठल्याशा बांधकामावर रिकामा होतो, हे सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. आप्पाही बोलले नाहीत. ते फक्त टँकरच्या पुढं सायकलवर निघाले. मागून ड्रायव्हर हॉर्न देऊन बेजार. "साहेब, दुसऱ्या गिअरवर इंजिन तापून राहिलं, जरा बाजूला व्हा." आप्पा मागं न बघता म्हणायचे, "तापू दे. पानी हाय की मागं." टँकर भरलेला अक्काच्या गावात पोहोचला. मग पुढं तो उन्हाळाभर हेच चाललं. आज या गावाचा टँकर, उद्या त्या गावाचा. लांबून रस्त्यावर सायकल दिसली की बाया घागरी मांडायला लागत.

त्या उन्हानं आप्पा करपून काळे झाले आणि मालक दिसेनासे झाले. आप्पा आता टेबलाला सरळ बसत, पण त्यांना ते जमत नसे. लिहिताना अक्षर बिघडायचं.

पोहणं मात्र त्यांनी बंद केलं. "चूक न्हाई त्यात," ते मला म्हणाले, "पर इज्जत ऱ्हात न्हाई." घरी पलंगावर पालथे पडून ते हात मारत आणि श्वास रोखायच्या सरावासाठी पाण्याच्या परातीत तोंड बुडवत. नंतर वहिनी ते पाणी कढीपत्त्याला घालत. कढीपत्ता त्या वर्षी त्यांच्याच दारात हिरवा होता.

मग पावसाळा आला आणि असा आला की ज्या गावांत टँकर नेले, तिथंच आम्ही तलाव फुटू नये म्हणून धावत होतो. दसऱ्याच्या सुमारास अक्का पुन्हा कचेरीत आली. या वेळी एकटीच. आप्पा घाईनं उठले. "काय झालं, अक्का?"

"काय न्हाई. आमचं तळं भरलंय. या पवायला."

"राहू दे, अक्का. लोक बोलतेत."

"लोकानीच धाडलंय मला."

रविवारी गेलो तर सगळं गाव काठावर बसलेलं, लग्नाला बसावं तसं. आप्पा टोपी-चष्मा घालून पाण्यात उतरले आणि पलीकडच्या काठाकडं निघाले. थोड्या वेळानं ते वळून पुन्हा आमच्याकडंच आले. परत निघाले, परत वळून आले. शेवटी अक्का उठून ओरडली, "आप्पा, पल्याडचा काठ तिकडं हाय." मग गावातली पोहणारी पोरं दोन्ही बाजूंनी पाण्यात उतरली आणि त्यांनी आप्पांना, बैलाला नांगराचं तास धरायला शिकवावं तसं, सरळ नेलं.

शर्यतीला कोकणात आम्ही गाडी करून गेलो. आप्पा, वहिनी आणि मी. तिघांनीही समुद्र पहिल्यांदाच पाहिला. वहिनींनी बोट बुडवून चाखलं आणि म्हणाल्या, "एवढं असून खारट." आप्पा बराच वेळ कमरेवर हात ठेवून बघत राहिले. मग मला विचारलं, "हे सगळं कुनाच्या मंजुरीनं असंल हो?"

सकाळी गळ्यातलं इष्टलिंग त्यांनी फडक्यात गुंडाळून दंडाला घट्ट बांधलं. संयोजकांच्या पोरीनं हे काय म्हणून विचारलं. आप्पा म्हणाले, "हे संगं येतं. ह्याची वेगळी नोंदनी लागत न्हाई."

शिट्टी झाली. पाण्यात पाचशे टोप्या एका दिशेनं निघाल्या आणि एक टोपी डावीकडं. लांब समुद्रात बचावाची होडी होती. ती दर थोड्या वेळानं आप्पांच्या आडवी यायची आणि आप्पा सरळ व्हायचे. वहिनी वाळूवर उभ्या होत्या. दोन्ही हातांच्या मुठी छातीशी गच्च, हातात दोर असल्यासारख्या. मी म्हटलं, "वैनी, बसा." त्या म्हणाल्या, "मी बसले अन् त्यायनी हाक मारली तर?" सगळे बाहेर आल्यावर, वेळ संपता संपता, आप्पा रांगत पाण्याबाहेर आले. उभे राहिले, वहिनींकडं बघून हात केला आणि सायकलकडं चालू लागले. पळायचं असतं तिथं, पण ते चालले.

सायकलवर त्यांनी बरीच माणसं मागं टाकली. उन्हाचं त्यांना काही नव्हतं. पळायच्या टप्प्यात मात्र पाय आखडले. शेवटचे काही किलोमीटर राहिले असताना वेळ संपली. मागं राहिलेल्यांना उचलायला फिरणारी गाडी त्यांच्या शेजारी आली. मी विनवण्या करून त्याच गाडीत, चालकाच्या बाजूला बसलो होतो. आतला स्वयंसेवक पोरगा म्हणाला, "सर, वेळ संपली. गाडीत बसा."

"कुनी सांगितलं?" आप्पा चालतच होते.

"नियम आहे, सर."

"आदेश लेखी द्या. तोंडी आदेशावर म्या आजवर कदी काय केलं न्हाई."

पोरगा गडबडला. त्यानं फोन लावला. वरच्या माणसानं त्याच्या वरच्याला विचारलं. तोवर आप्पा पुढं गेले. गाडी पुन्हा गाठायची, पोरगा पुन्हा सांगायचा, आप्पा विचारायचे, "सही कुनाची हाय?" शेवटी पोराला हसू आवरेना. त्यानं दार उघडलं, खाली उतरला आणि आप्पांच्या बरोबर चालायला लागला. गाडी मागून, पहिल्या गिअरवर.

आम्ही पोहोचलो तेव्हा कमान उतरवत होते. मंडप अर्धा निघालेला. जावई आपली शर्यत कधीच पुरी करून थांबला होता, तो धावत आला. त्यानं स्वतःच्या गळ्यातलं पदक काढलं आणि सासऱ्याच्या गळ्यात घालायला हात वर केले. आप्पांनी ते हात मधेच धरले. "न्हाई, जावईबापू. आपल्या नावावर नसलेलं ताब्यात घेऊ न्हाई. पुढं आडिट लागतं." जावयानं हात खाली घेतले. तो खाली वाकला आणि सासऱ्याच्या पाया पडला. तसाच बसून त्यानं त्यांच्या बुटाच्या नाड्या सोडल्या, कारण आप्पांना वाकता येत नव्हतं.

आप्पा मात्र त्याच्या डोक्यावरून वहिनींकडं बघत होते. "जेवलीस का?"

वहिनींनी मान हलवली. सकाळपासून त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. मग ती दोघं तिथंच वाळूवर बसली, फडक्यातली भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी सोडली आणि जेवली. जावई जवळ उभा राहून बघत होता. थोड्या वेळानं वहिनींनी त्याच्याही हातावर चतकोर ठेवली.

निकालात आप्पांच्या नावापुढं 'अपूर्ण' असं आलं. टपरीवर लोकांनी विचारलं, "मग आप्पा, हरले म्हना की." आप्पा शांतपणे म्हणाले, "अपूर्न म्हंजे फेटाळलं न्हाई. प्रकरन प्रलंबित हाय."

दोन महिन्यांनी ते निवृत्त झाले. नांदेडला घर बांधलेलं होतं, तिकडं जायचं ठरलं. निरोप समारंभ झाला, शाल, श्रीफळ, हारतुरे. नायब तहसीलदार लांबलचक बोलले. आप्पांनी भाषण केलं नाही. वहिनी सामानाच्या टेम्पोत बसून पुढं गेल्या आणि आप्पा हार गळ्यात असतानाच सायकलवर बसले. "लोह्यात जेवन, नांदेडात मुक्काम," ते म्हणाले.

मी मोटारसायकलवर नाक्यापर्यंत सोबत केली. तिथं थांबून म्हटलं, "आप्पा, येत जा."

"येतो की," ते पुढं बघतच म्हणाले. "मागं वळत न्हाई मालक, राग मानू नका. वळलं की सायकल डोलते."

त्यांनी मला मालक म्हणायची ती पहिलीच वेळ. चढ लागला तसे ते सीटवरून उठून उभ्यानं पायडल मारू लागले. वाऱ्यानं झेंडूचा हार पाठीवर गेला होता, आणि चढ संपेपर्यंत तो पिवळा ठिपका मला दिसत राहिला.