बाई, जरा सरका

त्या दिवशी घरात चौघंच होतो. मी सुमनबाई, आमचे हे, ह्यांना चालवायला येणाऱ्या लावण्या मेडम, आणि गॅसचा सिलेंडर घेऊन आलेले खाजाभाई. पाचवं कुणी नव्हतं. आधीच सांगून ठेवते, कारण सगळा घोळ त्याचाच आहे.

मी चौथी शिकलेली. मोबाईलमध्ये बोलते, तो लिहितो. चुकलं तर सांभाळून घ्या. आणि असलं काही मी मानत नाही... कधीच मानलं नाही. माझी दोन लेकरं गेली, ती कधी दिसली नाहीत मला. मग परकं कुणी कशाला दिसेल?

घर आमचं अंबरपेठला. पुढं हॉल, खाली शहाबादी फरशी. एका अंगाला ह्यांचा पलंग, दुसऱ्या अंगाला लोखंडी कपाट, मधून स्वयंपाकघराकडं वाट. त्याच वाटेनं पलीकडं बाथरूम. हे सरकारी ऑफिसात अटेंडर होते, शिपाई म्हणा. तीन वर्षांपासून विसरायला लागले. आधी चावी विसरले, मग गल्ली, मग मला. गेल्या वर्षी पडले, खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, चालणं थांबलं की संपलं. मला सत्तर उलटून गेली, माझ्याच्यानं हे उचलायचे आहेत का? मुलगा बेंगलोरला. तो म्हणाला, बाबा बाथरूमपर्यंत चालतात तोवर घरी राहू दे. मग मात्र आश्रम बघावा लागेल, आई.

म्हणून मेडम लावल्या. मंगळवार, शनिवार. तेलुगू पोरगी, माझ्याशी हिंदीत बोलते. दारांवर चित्रं लावली, पलंगापासून बाथरूमपर्यंत पिवळी पट्टी चिकटवली... वॉकर धरून पट्टीवरून चालायचं. चालले की हे! पण स्वयंपाकघराच्या दारापुढं तिसऱ्या फरशीपाशी आले की थांबायचे.

मी म्हणलं, काय झालं?

हळूच म्हणाले, "त्या बसल्यात. लसूण सोलायलेत. त्यांना ओलांडून कसं जायचं?"

आता काय बोलावं? मी रोज पुसते ती फरशी. ओढलं तर ओरडायचे, बाजूनं जावं तर वॉकर कपाटात अडकायचा. तेवढ्यात लुंगी ओली. धुवायला कोण, मीच. आठ दिवस भांडले मी ह्यांच्याशी. शेवटी मेडम म्हणाल्या, "अम्मा, बहस मत करो. सरकने बोल दो ना, बस."

माझ्या घरात, माझ्या फरशीवर, नसलेल्या बाईला विनवायचं! पण धुणं धुवून हात गेले होते. म्हणलं, "बाई, जरा सरका." हे सरळ चालत गेले. दिवसातून सहा वेळा जायचं, सहा वेळा विनवायचं. गल्लीला वाटलं असेल सुमनबाईचंपण डोकं गेलं. लसणाचं मात्र मी कुणाला बोलले नाही, मेडमलापण नाही. लाज वाटायची.

मग तो शनिवार. सकाळचे अकरा. हे पलंगावर बसलेले, मेडम खुर्चीवर वही लिहायलेत, मी दारात. आमचा नेहमीचा सिलेंडरवाला गावाला गेला होता, त्याच्या जागी हे खाजाभाई, पिकल्या दाढीचे, पहिल्यांदाच आलेले. खांद्यावर सिलेंडर घेऊन सरळ आत गेले, आणि तिसऱ्या फरशीपाशी वळून कपाटाला खेटून निघाले. सिलेंडर कपाटावर आपटला, पत्रा चेपला.

मी चिडले. एवढी मोकळी वाट सोडून माझं कपाट कशाला फोडता?

त्यांनी सिलेंडर खाली ठेवला, घाम पुसला. "बीच में अम्मा लसन छीलते बैठे सो हैं ना. उनके ऊपर से कैसा जाना?"

मेडमचा पेन थांबला. मी विचारलं, कोण अम्मा?

"हरी साडीवाले..." म्हणून मागं बघितलं. मग स्वयंपाकघरात डोकावले. "अंदर गए क्या?"

रिकामा सिलेंडर उचलून निघून गेले बिचारे.

माझं सरकायचं बोलणं त्यांनी गल्लीत ऐकलं असेल म्हणावं, तर लसूण कुठून आला? ते मला एकटीला माहीत. ह्यांना त्यात नवल वाटलंच नाही. मेडम अजून येतात, शिकलेली पोरगी... पण ती फरशी चुकवून जाते. बघते की मी.

खरा त्रास पुढं झाला. दुसऱ्या दिवसापासून मी म्हणते बाई सरका, तर हे उभेच. शेजारच्या पोरांकडून कपाट आतल्या खोलीत हलवलं, वाट मोकळी केली, तरी उभेच. म्हणाले, "रोज नुसतं बाई बाई करता. त्यांना नाव नाही का? नाव घेऊन विचारा."

मी म्हणलं, मग काय नाव आहे, सांगा. तर म्हणे, परक्या बाईला नाव कसं विचारायचं?

तेव्हा माझा तोल गेला. म्हणलं, "तिचं राहू द्या. माझं नाव काय ते सांगा आधी."

खूप वेळ बघितलं माझ्याकडं. मग म्हणाले, "तुम्ही नवीन लागलात का कामाला?"

मी आत जाऊन भात टाकला. आणखी काय करणार?

लक्ष्मी म्हणून बघितलं, अनसूया, यशोदा, सगळी नावं घेऊन झाली. नुसती मान हलवतात. शेजारीण म्हणते कुणाला तरी बोलवून काढून टाका तिला. कशाला? तिनं माझं काय घेतलंय? मागितल्यावर सरकत होतीच की. पण हे नऊ दिवस पलंगावर आहेत, गुडघे आखडायलेत. मुलगा महिनाअखेरीला येणार आहे, मेडचलकडचा एक आश्रम बघून ठेवलाय त्यानं. हे काय आहे, मला अजून कळलं नाही. मेडमला नाही, डॉक्टरला सांगितलं तर तो हसला. मला कळायचंपण नाही.

बावीस वर्षांपूर्वी घर घेतलं, त्याच्या आधी तिथं भाडेकरू येऊन जाऊन असायचे. अंबरपेठला, भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत, पुढं चाफा असलेलं बैठं घर. तुमच्यापैकी कुणी तिथं राहिलं असेल, आणि स्वयंपाकघराच्या दारापुढं हिरवं लुगडं नेसून लसूण सोलत बसणारी कुणी तुमच्या घरात असेल, आई, आजी, आत्या, कुणीपण, तर तिचं नाव खाली लिहा. महिनाअखेरीच्या आत लिहा.