दुसऱ्या भागाची शेवटची वीस मिनिटं

माझ्या घरमालकांइतकं रक्त पाहिलेला माणूस अख्ख्या मुळशी तालुक्यात सापडणार नाही, आणि त्यातला एक थेंबही खरा नव्हता. आयटी कंपन्यांना लागून असलेल्या माण गावातल्या त्यांच्या इमारतीत मी सहा वर्षं भाड्याने राहिलो. शेताच्या जागी खोल्या उभ्या राहिल्या आणि जन्मभर राबलेल्या या माणसाच्या हातापायांना कामच उरलं नाही. पाण्याच्या टाकीत डोकाव, जिन्यातल्या चपला सरळ लाव, असं दिवसभर चालायचं. रविवारी दुपारी मात्र मला खाली बोलावून ते परग्रहावरच्या राक्षसांचे सिनेमे लावत आणि येरझाऱ्या घालत उभ्यानेच बघत. राक्षस हा शब्द त्यांना चालत नसे. ते ‘जनावर’ म्हणायचे आणि बाजारात बैल पारखावा तसे त्याचे दात, पाठ, चाल पारखायचे. एका सिनेमात यानातल्या तरुणाने दार उघडं टाकलं, तर “असल्याला मी खोली देत न्हाई” म्हणाले आणि जाऊन आमचंच फाटक लावून आले.

त्यांचा लाडका सिनेमा म्हणजे चंद्रावरची खाण, पाच कामगार आणि एक जनावर. तो आम्ही चारदा पाहिला. मग त्याचा दुसरा भाग आला, आणि नेमकं त्याच सुमारास मी मोशीला फ्लॅट घेतला. महिनाअखेर खोली सोडतो म्हटल्यावर ते भिंतीकडे बघत म्हणाले, “जावा की. पर दुसरा भाग संपवून जावा.”

दुसऱ्या भागात जनावरं शेकड्यांनी आणि आतडी तर विचारू नका. मालकीणबाईंनी एकदाच पडद्याकडे पाहिलं आणि पोह्यांबरोबर आणलेली टोमॅटोची चटणी तशीच आत नेली. मालक मात्र नाराज. “सर, कापाकापी लई हाय, पर भ्या वाटंना. पयल्यात मानूस गेला की जीव तुटायचा. त्याचं नाव ठाऊक व्हतं, त्याची दाढ दुखतीया ते ठाऊक व्हतं. हितं कोन मेलं, कुटनं आलतं, काय पत्ता न्हाई.” एवढी नावं ठेवूनही ते तो संपवू देईनात. एका रविवारी टँकर आला, दुसऱ्या रविवारी मीटर बघायचा होता, तिसऱ्या रविवारी कुणाच्या तरी साखरपुड्याला भरे गावी जायचं निघालं. दर वेळी वीस मिनिटं उरायचीच.

शेवटच्या रविवारी टेम्पो भरून झाला. मी म्हटलं, “मालक, वीसच मिनिटं आहेत, बघून टाकू.” त्यांनी रिमोट हातात घेतला आणि चक्क खुर्चीत बसले. सहा वर्षांत मी त्यांना असं बसलेलं पाहिलं नव्हतं. टीव्ही काही त्यांनी लावला नाही.

“वर सव्वीस पोरं हायेत, सर. एकाचं बी नाव मला येत न्हाई. सकाळी कॅबमदी बसत्यात, येत्यात, झोपत्यात. तुमी एकले नावानिशी ठाऊक.” मग रिमोट पाठीमागे ठेवून म्हणाले, “ऱ्हाऊ द्या शेवट. तुमी परत आला की बघू.”

 येतो म्हणालो आणि टेम्पोत बसलो.

त्याला तीन महिने झाले. तो शेवट मोबाइलवर मला केव्हाही बघता येईल, पण मन होत नाही. दर रविवारी माणला जायचं ठरवतो आणि जात नाही, याची मला खरोखर लाज वाटते. मालकांनी तो अजून पाहिलेला नाही. परवा मालकीणबाईंनीच फोनवर सांगितलं.