मुखियाच्या गोठ्याखालचं पेव

मोदिएही माझ्या आईची थोरली जाऊ. तिच्या रागाची गोष्ट आमच्या मालोटीच्या डोंगरात अजून सांगतात, पण हसत सांगतात. मला ते पटत नाही.

पीच पिकले की ती उजाडताच कातळावर असायची. फळं चिरायची, बिया काढायच्या, फोडी उन्हात पसरायच्या. ढग दिसला की धावत जाऊन गोळा करायच्या. भोपळ्याच्या चकत्या दोरीत ओवायची, रानभाजी उकडून, मुठीत पिळून तिचे गोळे वाळवायची. ज्वारी गवताच्या मोठाल्या कणग्यांत. बर्फ पडलं की यावरच घर जगायचं. आदल्या हिवाळ्यात कणगी लवकर आटली आणि तिची धाकटी लेक गेली. तेव्हापासून ती फोड अन् फोड जपायची.

त्या साली गोरे घोडेस्वार खालच्या मैदानात शेतं जाळत फिरत होते. आमचा मुखिया लेत्सिका म्हणाला, सगळ्यांनी आपलं धान्य न् वाळवण माझ्या गोठ्याखालच्या पेवात ठेवा, शेणाखाली कुणाला सापडायचं नाही. पुरुषांनी माना डोलावल्या.

"वाळवलं बायकांनी, आणि ठेवायचं कुठे ते तुम्ही ठरवणार?" मोदिएही नवऱ्याला म्हणाली.

"अगं, गोरे आले तर कणगीसकट घर पेटवतील," सेखोबे म्हणाला.

"आणि मला बघायचं असलं तर?"

"गोठ्यात बायका जात नाहीत. मी बघत जाईन की."

त्यानं एकदाही बघितलं नाही.

बर्फ पडलं. बायका आपापलं मागायला गेल्या की लेत्सिका म्हणे, "अजून धोका आहे, थांबा." दरम्यान त्याच्या दारात करडा घोडा आला, खांद्यावर बंदूक आली. माझी आई घाबरून म्हणाली, "वहिनी, गप्प राहा."

"गप्प राहून पोट भरतं होय गं?"

एके दिवशी भरदुपारी ती गोठ्याची दगडी भिंत चढली आणि आत उतरली. पुरुष ओरडत उठले. तिनं हातांनी शेण उकरलं, शिळा सरकवली, पोटावर पडून आत हात घातला. तळाला नुसता कोंडा.

"या रे, सगळे या! आपल्या मोरेनानं, या मुखियानं, काय जपून ठेवलंय बघा! अंधार ठेवलाय!"

लेत्सिका धावत आला. "बाई गोठ्यात शिरली! आता गाई गाभ टाकतील. दंड भरावा लागेल तुला!"

"तुला गाईंची पडलीय? मी लेक पुरलीय याच गावात, पोटात अन्न नव्हतं म्हणून!"

"धान्य देऊन बंदूक घेतली ती तुमच्याच रक्षणासाठी ना!"

"आणि घोडा? तो तुझ्या बुडाचं रक्षण करतो वाटतं?"

कुणीतरी फिसकन हसलं. पण गावातला सर्वांत म्हातारा माणूस पुढे येऊन पेवात डोकावला, तसं हसू विरलं. मोदिएही नवऱ्याकडे वळली. "तू बघत जाणार होतास."

सेखोबे शिळा परत ओढायला वाकला.

त्या संध्याकाळी बायकांनी लेत्सिकाच्या घरातल्या कणग्या रिकाम्या केल्या. त्याची बंदूक खुंटीवरच राहिली. पुरुष दाराशी उभे होते, एकानंही बायकांना अडवलं नाही. सकाळी निम्मं गाव खिंड ओलांडून दुसऱ्या मुखियाकडे निघालं. माझी आजी त्या खिंडीतच वारली. जमीन इतकी गोठली होती की तिच्यावर दगडच रचावे लागले. मोदिएही रडली नाही. दगड रचताना लेत्सिकाला शिव्या घालत होती.

नव्या मुखियानं आसरा दिला, पण गोठा बाटवल्याची शुद्धी म्हणून एक बकरी मागितली. सेखोबेनं ती मुकाट्यानं नेऊन बांधली. मोदिएहीला कळलं तेव्हा तिच्या हातातलं लाकडी पातेलं भिंतीवर आदळलं.

"म्हणजे चूक माझी ठरली?"

"मिटवून टाकलं गं," तो म्हणाला.

"मी मिटवलेलं नाही!"

पुढे ती खूप वर्षं जगली. दर हंगामात फळं वाळवली, पोरांना पोटभर वाढलं. पण त्या बकरीवरून भांडण निघालं नाही असा एक हिवाळा त्या घरात गेला नाही.