आधी पाजणारीनं प्यायचं

आमच्या फरहाना मॅडम तापट आहेत, हे आधीच सांगते. सरकारी दवाखान्यात कुपोषित मुलांच्या वॉर्डात मी सिस्टर, त्या आहारतज्ज्ञ. भांडत भांडतच आम्ही इतकी वर्षं काढली. जुन्या जालन्यात त्यांच्या वडिलांचं, गयासोद्दीनभाईंचं, धान्याचं दुकान. पोरगी आहारशास्त्र शिकतेय म्हटल्यावर गल्ली हसली, खायला घालायला कुठं डिग्री लागते म्हणून. नोकरी लागली तीही कंत्राटी. दरवर्षी नवी ऑर्डर येईपर्यंत जीव टांगणीला. मी कितीदा म्हटलं, पुण्याला जा, जाड माणसांना बारीक करा, गाडी-बंगला होईल. त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं, "जाड माणसाला थांबता येतं, सिस्टर."

यंदा रमजानात धावड्याहून आसराबाई आल्या. मुलगा मेंढरांमागं, सून ओली बाळंतीण, म्हणून थोरली नात कार्तिकी आजीच्या गळ्यात. पोर सव्वा वर्षाची, पण कातडीखाली नुसती हाडं. अशा लेकराला सुरुवातीला खास तयार केलेलं पातळ दूध थोडं थोडं, पण दर दोन तासांनी द्यावंच लागतं. एकदम जड खाऊ घातलं तर उपासानं थकलेल्या काळजाला ते झेपत नाही. हे आम्हाला पाठ. आजीला मात्र दिसत होतं ते एवढंच, की मरायला टेकलेल्या नातीला या बाया पोटभर दूधही देत नाहीत.

पहिला दिवस कसाबसा गेला. दुसऱ्या दिवशी पोरीला जुलाब लागले आणि आमच्याच दुधानं बाधलं, काहीतरी कालवलंय त्यात, असं आजीच्या मनानं घेतलं. त्यांनी वाटी ढकलून दिली. दुपारपर्यंत पोर थंड पडायला लागली. हाक मारली की डोळे उघडायची आणि लगेच मिटायची. रक्तातली साखर उतरली होती. डॉक्टरांना शीर सापडेना. नाकातून नळी घालावी, तर आजी पोरीला पदराखाली घेऊन भिंतीला पाठ लावून बसलेली, कोणाला हात लावू देईना. मी ओरडले. अशा वेळी मला गोड बोलता येत नाही.

फरहाना मॅडम आजीसमोर फरशीवर बसल्या. तुम्ही म्हणाल तसं करू, म्हणाल्या, पण पोरीच्या पोटात आत्ता काहीतरी गेलं पाहिजे.

आसराबाईंनी त्यांना नीट न्याहाळलं. "आमच्यात परक्याच्या हातचं लेकराला देत न्हाईत," त्या म्हणाल्या. "जी पाजती, तिनं आधी प्यायचं. समदी वाटी. मंग लेकराला."

मी पुढं झाले, मी पिते म्हटलं. त्यांनी मान हलवली. "तू न्हाई. ही."

मॅडमचा रोजा होता. पहाटेपासून पाण्याचा थेंब घेतलेला नव्हता, आणि इतक्या वर्षांत त्यांनी एकही रोजा मोडलेला मी पाहिला नव्हता. मी सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी हातानंच थांबवलं. सांगितलं असतं तर आजीनं कदाचित ऐकलं असतं. कदाचित तिला वाटलं असतं की ही टाळतेय, म्हणजे दुधात नक्की काहीतरी आहे. ते बघत बसायला पोरीकडं वेळ नव्हता.

मॅडमनी वाटी तोंडाला लावली आणि रिकामी केली. मग मला दुसरी भरायला सांगितली. घाईत माझ्याकडून दूध सांडलं. त्या माझ्यावर खेकसल्या, तेव्हा कुठं जरा धीर आला.

पहिला चमचा पोरीच्या ओठाच्या कडेनं गळून गेला. दुसराही तसाच. आजी डोळे मिटून देवाचं काहीतरी पुटपुटत होती. मॅडमनी पोरीचा गाल चोळला, मान जराशी उचलली आणि थेंब थेंब सोडत राहिल्या. बऱ्याच वेळानं पोरीचा गळा हलला. मी रडले. का लपवू?

कार्तिकी वाचली. घरी जाताना तिनं लाथ मारून माझा चष्मा उडवला, इतकी तिच्यात ताकद आली होती. त्याआधीच आमच्या झुंबरमावशींनी, वॉर्ड झाडता झाडता, रोज्याचं आजीच्या कानावर घातलं होतं. मग आजीनं माझ्याकडं येऊन विचारलं, मोडलेल्या रोज्याचं काय करतात? मी म्हटलं, पुढं एखादा दिवस धरून भरून काढतात.

महिन्याभरानं त्या पोरीला तपासायला घेऊन आल्या. बाहेर नुसता भट्टा पेटलेला. मॅडमनी पाणी पुढं केलं, ते घेईनात. चहा नको, बिस्किट नको. मॅडमचा पारा चढला. या उन्हात चक्कर येऊन पडाल, आधी घोटभर प्या, म्हणून त्या दटावायला लागल्या.

"माझ्यापायी तुमचा एक मोडला न्हाई का," आसराबाई म्हणाल्या. "तो म्या आज धरलाय. पहाटेपून पाणी न्हाई पिले."

एकाचा रोजा दुसऱ्याला भरता येत नाही. शिवाय मॅडमनी स्वतःचा ईदेनंतर लगेच भरलाही होता, मला ठाऊक होतं. सांगून टाका, असं मी डोळ्यांनी खुणावलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलंच नाही. वाटी हातात घेऊन दिवसभर लोकांच्या मागं लागणाऱ्या त्या बाईनं पाण्याचा पेला बाजूला सरकवला, पर्समधून खजूर काढले आणि आसराबाईंच्या पदराला गाठ मारून दिले.

"सूर्य बुडाला की आधी हे खा, आजी," त्या म्हणाल्या. "मग पाणी."