पडक्या चर्चबाहेरच्या चपला

जर्मनीत कार्ल्सरूहेजवळच्या आमच्या गावात एक पडकं मध्ययुगीन चर्च आहे. छप्पर नाही, दार नाही. वेदीकडचा भाग सर्वांत जुना. तिथली कमान अर्धगोल आणि अवाढव्य जाड. बांधणाऱ्याचा तिच्यावर पुरता विश्वास बसला नसावा. नंतरच्या पिढ्यांनी धीर करून टोकदार, सडपातळ खिडक्या काढल्या. बाहेरच्या माहितीफलकावर पडझडीचं सगळं खापर युद्धावर फोडलंय. छप्पर युद्धात जळालंही असेल. पण भिंतींचे दगड गावातल्या गोठ्यांत आहेत, आणि ते काही शत्रूने तिथे रचले नाहीत.

गेल्या वर्षी त्या कमानीला भेग पडली आणि नगरपालिकेने अख्ख्या चर्चला कायमचं कुंपण घालायचं ठरवलं. शेजारच्या आजी हवालदिल झाल्या. नवऱ्याबरोबर त्या रोज संध्याकाळी तिथे बसायच्या. तो गेल्यावर एकट्या जात. पाहणीला अधिकारी येणार, त्या दिवशी त्यांनी सोबतीला मला बोलावलं. पुण्याहून आलेल्या माझ्या सासूबाईही निघाल्या.

नसलेल्या दारापाशी सासूबाईंनी चपला काढल्या.

"अहो आई, आत देव नाहीये. छप्परसुद्धा नाही."

"छप्पर माणसांना लागतं," त्या म्हणाल्या.

ते पाहून शेजारच्या आजींनीही बूट काढले. मग माझा नाइलाज झाला. गवत ओलं होतं. सासूबाईंनी वेदीच्या दिशेने हात जोडले आणि भिंतीलगतच्या दगडी बाकावर बसल्या. दर्शन झाल्यावर तडक निघायचं नसतं, घटकाभर बसायचं असतं. आम्हीही बसलो.

अधिकारी हेल्मेट घालून आले. वर आकाशाखेरीज पडण्यासारखं काही नव्हतं. पादत्राणं बघून ते थबकले.

"आल्झो... म्हणजे इथे प्रार्थना चालते? कागदोपत्री ही वास्तू वापरात नाही."

"गेनाऊ, बरोबर, कागदोपत्री," शेजारच्या आजी म्हणाल्या. "मी रोज येते."

सासूबाईंना जर्मन कळत नाही. त्यांनी सरकून जागा केली. "बसा हो, उभे का?"

साहेब बसले. बसल्यावर माणूस जरा नीट बघतो. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "भेग फक्त कमानीला आहे. कुंपणही तेवढ्यालाच पुरेल."

आता कमानीखाली भक्कम लाकडी आधार आहे. बाकी चर्च उघडं आहे. या छोट्याशा कुंपणाचं महापौरांनी रीतसर उद्घाटन केलं. भाषणात 'वारसा' बरेचदा आला. शेजारच्या आजी मधूनच उठल्या. भिंतीच्या फटीत त्यांना भिंती पोखरणाऱ्या आयव्हीच्या वेलीचा कोवळा कोंब दिसला होता. विळा आणायला त्या घरी गेल्या.