आईचा चेहरा एका डिस्कवर

माझा नवरा हेपेती आमच्या बेटांच्या राजधानीत, नुकुआलोफात, लोकांच्या लग्नकार्यांच्या आणि मयतांच्या डीव्हीडी करून देतो. मयतंच जास्त. लग्नाला परदेशातली माणसं येतात, मयताला वेळेवर पोचत नाहीत. चित्रण कितीही तासांचं असो, बसवायचं एकाच डिस्कवर. एकदा त्याने दोन केल्या, तर दुसऱ्या डिस्कवर गेलेलं घराणं अजून आमच्याशी बोलत नाही. कापायचं तर नावच काढायचं नाही. मयताला मानाची विणलेली चटई आणायची आमची रीत, आणि ज्याने ती आणली तो दिसलाच पाहिजे.

सासूबाई गेल्या तेव्हाही कॅमेरा त्यानेच धरला.

"आज तरी दुसऱ्याला दे," मी म्हटलं.

"दुसरा काय सिआलेसाठी काढणार आहे?"

सिआले त्याची धाकटी बहीण, सिडनीत असते. तिच्याकडे कागदपत्रं नाहीत. इथे आली तर परत लेकरांकडे जाता यायचं नाही. बहिणीच्या आठवणीने हा माणूस आतून झुरतो, पण बोलेल तर शपथ. भावाने बहिणीपुढे मन उघडं करायचं नाही, ही आमची रीत. मला तर कधीकधी या रीतीचा संताप येतो. तिने फोनवर एवढंच मागितलं होतं, "दादा, आईचा चेहरा मला नीट दिसू दे."

कॉम्प्युटरचा न्याय उलटा. जे हलतं त्याला डिस्कवर जागा जास्त लागते, स्थिर असेल त्याला थोडकी पुरते. म्हणून शवपेटीतला चेहरा हेपेतीला कधीच जड जात नाही. या खेपेला मात्र तोच तुकडा दरवेळी चौकटी-चौकटींचा होऊन येई. नाक कुठलं, ओठ कुठले, कळेना.

"सॉफ्टवेअर बिघडलंय," तो करवादला.

मी पडद्याकडे पाहिलं. "सॉफ्टवेअरला कशाला बोल लावतोस? तुझा हात थरथरत होता."

त्याने मग त्या तुकड्याचा बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला मिळणारी जागा, जाईल तितका वर चढवला आणि त्यापायी गेलेली जागा चटयांच्या भागातून काढली. त्यात त्याच्या आत्याची चटईही होती. आमच्याकडे आत्यापुढे राजाचंही चालत नाही.

डिस्क वाटल्या, एक सिडनीला धाडली, आणि आत्याबाई दारात हजर. "इतकी बारीक वीण माझी, आणि दिसतंय काय, तर चिखल! डोळे फुटलेत का मेल्या तुझे?"

"चुकलं, आत्या," तो खाली मान घालून म्हणाला. का चुकलं ते सांगितलं नाही.

रविवारी जेवणं उरकली तेव्हा सिआलेचा फोन आला. हेपेतीने स्पीकर लावला.

"दादा, दिसली रे आई. अगदी स्पष्ट दिसली. वेडी म्हणशील मला, पण ती जराशी हलते. श्वास घेतल्यासारखी."

हेपेतीने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता तरी सांगेल.

"हो गं," तो म्हणाला. "मलाही तसंच दिसलं."